अलौकिकाच्या शोधासाठीचे ईएमएफ मीटर : तीन उपकरणांचे परीक्षण

काही माणसे खालून गेली की रस्त्यावरचे दिवे विझतात, त्यांच्या मनगटावर घड्याळे टिकत नाहीत, त्यांच्या हाताखाली संगणक वारंवार बिघडतात. दंतकथांमधला एखादा प्राणी पाहिल्याचे सांगणारे लोकही त्याच सुमारास रेडिओत खरखर सुरू झाल्याचे, टीव्हीचे चित्र फाटल्याचे किंवा गाडी अचानक बंद पडल्याचे सांगतात. अशा अनुभवांचा छडा लावण्यासाठी म्हणून ‘ईएमएफ मीटर’ (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारे मीटर) या नावाने जी उपकरणे विकली जातात, त्यांपैकी तीन निरनिराळ्या प्रकारांची उपकरणे मी बराच काळ वापरली असून त्यांचे हे परीक्षण आहे. एकाच रचनेची उपकरणे वेगवेगळ्या नावांनी बाजारात येतात, त्यामुळे उत्पादकांची नावे देण्याऐवजी रचनेचेच वर्णन करतो. माझे मत आधीच सांगतो : पहिली दोन उपकरणे या कामासाठी घेऊ नयेत, तिसरे घेण्याजोगे आहे, आणि तिन्हींसोबत येणारी माहितीपुस्तिका दुरुस्त होण्याची नितांत गरज आहे.

पहिले उपकरण सर्वांत लोकप्रिय आहे. टीव्हीच्या रिमोटएवढी प्लास्टिकची पेटी, आत नऊ व्होल्टची बॅटरी आणि वरच्या टोकाला हिरव्यापासून लाल रंगापर्यंत चढत जाणारे पाच दिवे, एवढाच त्याचा पसारा. दीड मिलिगॉसच्या (मिलिगॉस हे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक) आत पहिला हिरवा दिवा, अडीचच्या पुढे पिवळा, दहाच्या पुढे नारिंगी आणि वीसच्या पुढे लाल, असा त्याचा क्रम आहे. पडदा नाही, आकडा नाही, वेळेची नोंद नाही. आत तारेचे एक वेटोळे असते आणि त्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले हेच तत्त्व येथे वापरलेले आहे आणि त्यापुरते हे उपकरण प्रामाणिक आहे. विजेच्या तारांभोवती पन्नास किंवा साठ हर्ट्झचे जे बदलते क्षेत्र असते, ते शोधायला हे मीटर बरे आहे. भिंतीत वायरिंग कोठून गेले आहे, कोणता चोक किंवा ट्रान्सफॉर्मर चालू आहे, हे ते लगेच दाखवते.

अडचण अशी की वेटोळे एकच आहे आणि क्षेत्राला दिशा असते. चालू फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरपासून वीतभर अंतरावर हे मीटर आडवे धरले तर नारिंगी दिवा लागला. हात जागचा न हलवता केवळ मनगट वळवून ते उभे केले तर फक्त पहिला हिरवा दिवा उरला. जागा तीच, क्षेत्र तेच, बदलला तो फक्त वेटोळ्याचा कोन. अंधाऱ्या खोलीत हातात मीटर घेऊन फिरणाऱ्या माणसाचे मनगट सतत वळतच असते, तेव्हा दिव्यांची चढउतार ही खोलीत कोणी आल्याची खूण मानायची की मनगट वळल्याची, हे सांगण्याचा कोणताही मार्ग या उपकरणात नाही. त्यात आणखी एक दोष म्हणजे माझ्याकडच्या नमुन्याचे बटण अंगठ्याने दाबून धरावे लागते. अंगठा किंचित सैल झाला की संपर्क तुटतो, पुन्हा जुळतो, आणि पुन्हा सुरू होताना पाचही दिवे एकदा उजळून जातात. खोलीतल्या अदृश्य अस्तित्वाला प्रश्न विचारायचा आणि दिवा लागला की उत्तर ‘होय’ समजायचे, ही पद्धत अलौकिकाच्या शोधाच्या या छंदात रूढ आहे. उत्कंठेने ताणलेल्या अंगठ्याखाली असे बटण असणे किती घातक आहे, हे वेगळे सांगायला नको.

मोबाइल फोनचीही चाचणी करून पाहिली. फोन मीटरपासून हातभर अंतरावर ठेवून कॉल लावला असता फोन टॉवरशी संपर्क साधू लागताच दिवे थरथरू लागले. फोनच्या लहरी या मीटरच्या घोषित मर्यादेच्या, म्हणजे वीस किलोहर्ट्झच्या, कितीतरी वरच्या असतात. पण जोरदार रेडिओ लहरी जवळ असल्या की त्या आतल्या जोडणीत शिरतात आणि दिवे लावतात. त्याला मोजमाप म्हणता येत नाही. मंडळींचे फोन खिशात असतात, ते कॉल नसतानाही अधूनमधून टॉवरशी बोलतात, आणि अशा प्रत्येक वेळी मीटर इमानाने उजळते.

पुस्तिकेत दोन ते सात मिलिगॉस या टप्प्यातली नोंद ‘अस्पष्टीकृत अस्तित्वा’ची निदर्शक मानावी, असे छापले आहे. हा आकडा या छंदात इतका पसरला आहे की कोणी त्याचा उगमही विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती उपकरणांसाठी दिलेल्या आकड्यांनुसार फ्रिजपासून तीन सेंटिमीटरवर अर्धा ते १.७ मायक्रोटेस्ला, म्हणजे पाच ते सतरा मिलिगॉस, आणि तीस सेंटिमीटरवर ०.२५ मायक्रोटेस्लापर्यंत, म्हणजे अडीच मिलिगॉसपर्यंत क्षेत्र आढळते. मायक्रोवेव्ह ओव्हनपासून तीस सेंटिमीटरवर हेच क्षेत्र चाळीस ते ऐंशी मिलिगॉस असते. म्हणजे दोन ते सात हा टप्पा कोणत्याही राहत्या घरात, चालू यंत्रापासून थोडे सरकले की हमखास सापडणारा टप्पा आहे. ज्यांनी तो आकडा छापला, त्यांनी शेजारी ही तुलना छापली असती तर ग्राहकाचे खरे हित झाले असते.

आता माणसांकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या परीक्षणाचा गाभा तेथे आहे. माणसाच्या हृदयाचे चुंबकीय क्षेत्र छातीजवळ दहा ते शंभर पिकोटेस्लाच्या (पिकोटेस्ला म्हणजे मायक्रोटेस्लाचा दहा लाखावा भाग) दरम्यान भरते आणि मेंदूचे त्याहूनही कैक पटींनी क्षीण असते. ते १९६० च्या दशकात पहिल्यांदा मोजले गेले आणि पुढे त्यासाठी खास कवचबद्ध खोल्या उभाराव्या लागल्या. हातात धरायच्या बहुतेक मीटरची सूक्ष्मता फार तर ०.१ मिलिगॉस, म्हणजे दहा हजार पिकोटेस्ला. हृदयाचे क्षेत्र पन्नास पिकोटेस्ला धरले तरी ते या मर्यादेच्या दोनशेव्या हिश्शाइतके ठरते. तेव्हा एखाद्या व्यक्तीच्या अंगात ‘चुंबकत्व’ आहे का, हे या मीटरने ठरवता येणार नाही. आणि एवढ्या क्षीण क्षेत्राने मनगटावरचे घड्याळ बंद पडणेही शक्य नाही. क्वार्ट्झ घड्याळाच्या छोट्या मोटरीला थांबवतो तो पर्सच्या, फोनच्या कव्हरच्या किंवा स्पीकरच्या चुंबकाचा स्पर्श, आणि त्या स्थिर चुंबकाचीही दखल हे मीटर घेत नाही, कारण त्याला फक्त बदलते क्षेत्र कळते.

मात्र ‘माझ्या हाताखाली यंत्रे बिघडतात’ असे म्हणणाऱ्या माणसाला खोटे ठरवण्याची घाई कोणी करू नये. कोरड्या हवेत, कृत्रिम धाग्याचे कपडे आणि रबरी तळव्याची पादत्राणे घालून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार सहज जमतो. साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही, आणि काही इलेक्ट्रॉनिक भाग शंभर व्होल्टच्या आतच निकामी होतात. म्हणजे हजार-दोन हजार व्होल्टचा झटका सर्किटला मारून जाईल आणि ज्याच्या बोटातून तो गेला त्याला त्याची कल्पनाही नसेल, असे खरोखर घडते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत कामगारांच्या मनगटाला जमिनीशी जोडणारा पट्टा असतो तो त्याचसाठी. त्वचेचा कोरडेपणा, कपड्यांची आवड, पाय घासत चालण्याची सवय यांमुळे एका माणसाच्या बाबतीत हे दुसऱ्यापेक्षा जास्त घडू शकते. त्या माणसाला आपला अनुभव तपासायचा असेल तर त्याला स्थिर विद्युतदाब मोजणारे उपकरण हवे. त्याच्या हाती पाच दिव्यांचे चुंबकीय मीटर देणे म्हणजे ताप पाहायला वजनकाटा देण्यासारखे आहे.

या बाबतीत १८४६ सालचे एक प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. फ्रान्समधल्या नॉर्मंडीतली आंजेलिक कोताँ ही चौदा वर्षांची मुलगी हातमोजे विणण्याचे काम करत असे. तिच्या स्पर्शाने लाकडी चौकटी उसळतात, खुर्च्या फेकल्या जातात, अशी ख्याती झाल्यावर तिला पॅरिसला नेण्यात आले आणि भौतिकशास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागो यांनी विज्ञान अकादमीसमोर हा विषय मांडला. ती चुंबकसुईला विचलित करते, असाही दावा होता. समितीने प्रत्यक्ष सुई ठेवून पाहिले. सुई हलली नाही, आणि खुर्चीच्या ज्या हालचाली दिसल्या त्या स्नायूंच्या जोराने होण्यासारख्या होत्या. त्या समितीने दाव्याला नेमके लागू पडणारे साधन निवडले आणि ते मुलीच्या हातात न देता स्वतंत्र ठेवले, यात तिच्या निष्कर्षाइतकेच तिचे श्रेय आहे. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांच्याविषयीच्या आख्यायिका याच्या उलट टोकाला आहेत. ते आसपास असले की प्रयोगशाळेतली यंत्रे मोडतात, अशी त्यांच्या सहकाऱ्यांत एवढी बोलवा होती की ऑटो स्टर्न यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत यायला मनाई केली होती, असे सांगितले जाते. जगातल्या उत्तम प्रयोगशाळांत वावरणाऱ्या या मंडळींकडे मोजमापाची साधने होती. तरीही पाउली नसताना किती यंत्रे मोडली याची यादी कोणी ठेवली नाही, म्हणून ती गोष्ट आख्यायिकाच राहिली.

दुसरे उपकरण थोडक्यात आटोपतो. ही एक गोल डबी असून तिच्यावर वीतभर उंचीचा धातूचा दांडा असतो; दांड्याभोवती डबी स्वतःच एक दुबळे क्षेत्र निर्माण करते आणि कोणी जवळ आले की सूर काढते. थेरमिन या वाद्याचे तत्त्वही हेच, आणि ते वाद्य शंभर वर्षांपूर्वीचे आहे. हात, मांजर, ओलसर पडदा, शेजारची वॉकीटॉकी, यांपैकी कशानेही ही डबी वाजते. वाजल्यावर कशाने वाजली हे कळत नाही आणि किती जोराने हेही कळत नाही. मी ती टेबलावर ठेवून खोलीबाहेर थांबलो असताना बॅटरी उतरत आल्यावर ती आपोआप वाजू लागली. शोधाचे साधन म्हणून मी तिची शिफारस करणार नाही.

दंतकथांमधल्या प्राण्यांच्या बाबतीत विक्रेते ज्या घटनेचा दाखला सर्वाधिक देतात, ती अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली आहे. १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री पॉइंट प्लेझंट गावाजवळ, महायुद्धकाळातल्या स्फोटकांच्या कारखान्याच्या ओसाड परिसरात दोन जोडप्यांना लाल डोळ्यांची, पंखांची मोठी आकृती दिसली आणि पुढे तिला ‘मॉथमॅन’ हे नाव पडले. त्याच सुमारास त्या राज्यातल्या एका रहिवाशाने सांगितले की आपल्या टीव्हीच्या पडद्यावर माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटली आणि यंत्रातून चढत जाणारा चिरका आवाज आला. ही नक्षी त्या काळातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची होती. वाहिनीच्या वारंवारतेजवळ दुसऱ्या एखाद्या प्रेषकाच्या लहरी मिसळल्या की ती उमटे. त्या रात्री तो प्रेषक कोणता होता हे आज शोधणे अवघड आहे, आणि म्हणूनच मला ती हकिकत टाकून द्यावीशी वाटत नाही. पण तिचा धागा पकडून आज मीटर विकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्या टीव्हीच्या वाहिन्या ५४ मेगाहर्ट्झपासून वर होत्या आणि पाच दिव्यांच्या मीटरची मर्यादा वीस किलोहर्ट्झ, म्हणजे अडीच हजार पटींहून खाली आहे. तो टीव्ही ज्याने बिघडला असेल ते या मीटरला मोजता येणार नाही. तेथे रेडिओ लहरींचा वर्णपट दाखवणारे स्वस्तातले रिसीव्हर यंत्र संगणकाला जोडले तर निदान वारंवारता तरी हाती लागेल. थंडीत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झटपट उतरतात, हा रानातल्या केसाळ महामानवाच्या शोधकांचा नेहमीचा अनुभव तर बॅटरीतल्या रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात एवढ्यानेच समजतो, त्यासाठी मीटरची गरज नाही.

प्राणी आणि वीज यांचे नाते मात्र दंतकथेपुरते नाही, आणि या पुस्तिकांनी त्याचा उल्लेखही करू नये याचे मला वाईट वाटते. विद्युत पाकट या माशाच्या स्पर्शाने हात बधिर होतो, हे प्राचीन ग्रीक-रोमन लोकांना ठाऊक होते आणि त्याला गूढ शक्ती मानले जाई. १७७२ मध्ये जॉन वॉल्श यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर प्रयोग करून हा धक्का विजेचा असल्याचे दाखवले, आणि काही वर्षांतच हेन्री कॅव्हेंडिश यांनी चामड्याचा कृत्रिम पाकट बनवून तसाच धक्का निर्माण केला. दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत ईलची २०१९ मध्ये वर्णन झालेली एक जात तब्बल ८६० व्होल्टपर्यंत दाब निर्माण करते. जपानी दंतकथेतला ‘नामाझु’ हा जमिनीखालचा महाकाय मांजरमासा हलला की भूकंप होतो, असे मानतात. मांजरमाशांना पाण्यातली अत्यंत क्षीण वीज खरोखर जाणवते, आणि १९३० च्या दशकात हाताई आणि आबे या जपानी संशोधकांनी भूकंपाआधी मांजरमासे अस्वस्थ होतात का, याचा जमिनीतल्या विद्युतप्रवाहांशी संबंध जोडून अभ्यास केला होता. त्यातून भूकंपाचे भाकीत करण्याची खात्रीची पद्धत हाती आली नाही, पण प्रश्न योग्य साधनांनी विचारला गेला. पाण्यात दोन विद्युताग्रे (इलेक्ट्रोड) आणि एक प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) एवढ्या सामग्रीवर हे आजही घरी पाहता येते. त्यासाठीही हातातले चुंबकीय मीटर निरुपयोगी आहे.

तिसरे उपकरण या दोहोंपेक्षा बरेच महाग आहे आणि दिसायला नीरस आहे. त्यात एकमेकांना काटकोनात बसवलेली तीन वेटोळी आहेत, त्यामुळे फ्रिजमागे मनगट कसेही वळवले तरी आकडा फारसा हलला नाही. ते प्रमुख वारंवारता दाखवते आणि प्रत्येक सेकंदाची नोंद वेळेसह साठवते. वारंवारतेचा तो एक आकडाच किती काम करतो पाहा : पन्नास किंवा साठ हर्ट्झ दिसले की स्रोत विजेच्या जाळ्यावरचा आहे, हे तेथल्या तेथे कळते.

नोंदींचा खरा उपयोग पथदिव्याच्या बाबतीत झाला. आपण जवळ गेलो की दिवे विझतात, असा अनुभव येणाऱ्या एका परिचित बाईंनी ज्या दिव्याविषयी हे सांगितले, तो जुना सोडियमचा दिवा होता आणि त्याचा चोक खांबाच्या पायथ्याशी पेटीत होता. त्यांच्या संमतीने हे मीटर पेटीला लागून रात्रभर ठेवले. सकाळी नोंद उघडली तेव्हा आलेख पायऱ्यांसारखा होता : काही मिनिटे क्षेत्र वर, मग एकदम खाली, थोड्या वेळाने पुन्हा वर, आणि हे पहाटेपर्यंत, रस्त्यावर कोणी नसतानाही. सोडियमचा दिवा म्हातारा झाला की तापल्यावर त्याला लागणारा दाब चोकला पुरवता येत नाही, म्हणून तो विझतो; निवला की पुन्हा पेटतो. बाईंनी तो आलेख बारकाईने पाहिला आणि मग विचारले की, एलईडीच्या नव्या दिव्यांखाली आपल्याला असा अनुभव का आला नाही, याचेही कारण हेच असेल का. एलईडी दिव्यांत हे चक्र नसते, त्यामुळे त्यांचा अंदाज बरोबर असावा. इंग्लंडमधले हिलरी इव्हान्स यांनी अशा अनुभवांचे कथन जमवण्याचे मोठे काम केले. त्या प्रत्येक कथनासोबत अशी एका रात्रीची नोंद असती तर आज किती निराळ्या पातळीवर चर्चा करता आली असती!

पुस्तिकांमध्ये आणखी एक दावा असतो, तो म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्रामुळे माणसाला कोणीतरी जवळ असल्याचा भास होतो. कॅनडातले मायकेल पर्सिंगर यांनी डोक्यावर क्षीण क्षेत्रे देणारे शिरस्त्राण वापरून असे परिणाम नोंदवले होते. पण २००५ मध्ये स्वीडनमध्ये, क्षेत्र चालू आहे की बंद हे प्रयोग करणाऱ्यालाही न कळू देता केलेल्या चाचणीत क्षेत्राचा परिणाम दिसला नाही, भास होणे हे व्यक्तीच्या सूचनाग्राही स्वभावाशी जुळले. लंडनमध्ये मुद्दाम उभारलेल्या एका खोलीत क्षेत्रे आणि अतिमंद ध्वनी वापरून केलेल्या प्रयोगाचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता. दाव्याचा पहिला अर्धा भाग छापून दुसरा गाळणे हे ग्राहकाशी प्रामाणिकपणाचे नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा की एकच उपकरण घेता येणार असेल तर तीन अक्षांचे, नोंद ठेवणारेच घ्यावे, ते हातात न धरता तिवईवर किंवा टेबलावर ठेवावे, फोन विमान अवस्थेत टाकून दूर न्यावेत, आणि घटना घडण्याआधीची व नंतरची नोंद, तसेच ती व्यक्ती नसतानाची नोंद, तेवढ्याच कालावधीची घ्यावी. अनुभव यंत्रे बिघडण्याचा असेल तर स्थिर विद्युतदाबाचा मीटर आणि हवेतली आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र यांवर पैसे खर्च करावेत. पाच दिव्यांचे मीटर ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी ते घरातले वायरिंग शोधायला खुशाल वापरावे. उत्पादकांकडे मागणी एवढीच आहे की पुस्तिकेत वारंवारतेच्या मर्यादेचा आलेख द्यावा, वेटोळे कोणत्या दिशेला आहे याची खूण पेटीवर कोरावी, बटण दाबून धरावे लागणार नाही असे करावे आणि दोन ते सात मिलिगॉसचे ते वाक्य पुढच्या आवृत्तीतून काढून टाकावे.